दिवसा पाथरवट, रात्री आमदार

आपल्याकडे कोणत्याही विधिमंडळात सदस्यांच्या वेतनवाढीचे विधेयक आले की ते एकमताने आणि झटपट मंजूर होते, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत संतप्त पत्रांचा पाऊस पडतो. लोकप्रतिनिधीचे काम ही सेवा आहे, सेवेला पगार कशाला, असा या पत्रांचा सूर असतो. सुशिक्षित, प्रामाणिक आणि राजकारणाविषयी खरोखर कळकळ असलेले लोकही असे म्हणतात. वरवर पाहता हा विचार उदात्त वाटतो. तो अमलात आला तर काय होते, हे तपासायला मात्र कल्पनाशक्ती ताणण्याची गरज नाही. इतिहासात तो प्रयोग होऊन गेला आहे. त्या प्रयोगात सापडलेल्या एका माणसाची ही कथा आहे. त्याचे नाव चार्ल्स जार्डिन डॉन.

डॉनचा जन्म १८२० साली स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातील कुपार या गावी झाला. लहान वयातच त्याला हातमागावर विणकाम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. ज्या काळात त्याने हा धंदा शिकायला घेतला तो त्या धंद्याचा अंतकाळ होता. मँचेस्टरच्या कापडाने भारतीय विणकराला देशोधडीला लावले, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्याच यंत्रमागाने स्कॉटलंडच्या खेड्यांतील विणकराचीही तीच गत केली होती, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. मजुरी वर्षागणिक घसरत होती. परंतु हातमागाच्या विणकरांमध्ये एक जुनी परंपरा होती, ती वाचनाची आणि वादविवादाची. पुस्तक नाही तर वर्तमानपत्र, आणि तेही नाही तर एकाने वाचायचे व बाकीच्यांनी ऐकायचे, अशा या शाळेत डॉनचे शिक्षण झाले.

या शाळेतून तरुण मुले बाहेर पडली ती थेट चार्टिस्ट चळवळीत. १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जनतेच्या सनदे’त सहा मागण्या होत्या. प्रत्येक सज्ञान पुरुषाला मताधिकार, गुप्त मतदान, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट रद्द, प्रतिनिधींना वेतन, समान लोकसंख्येचे मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक, या त्या मागण्या. वाचकांनी यांतील चौथी मागणी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी कथा तिच्याभोवती फिरते. १८३९, १८४२ आणि १८४८ असे तीनदा प्रचंड सह्यांचे अर्ज ब्रिटिश संसदेपुढे गेले आणि तिन्ही वेळा फेटाळले गेले. डॉन या चळवळीत वक्ता म्हणून तयार झाला. मागावर पोट भरेना म्हणून दरम्यानच्या काळात त्याने माग सोडला आणि हाती छिन्नी-हातोडा घेतला. विणकराचा पाथरवट झाला.

१८५३ साली तो ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया या वसाहतीत आला. व्हिक्टोरिया १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली होती आणि त्याच वर्षी तेथे सोने सापडले. त्या साली सुमारे ७७ हजार असलेली लोकसंख्या १८६१ पर्यंत ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. दहा वर्षांत सातपट! कोणत्याही प्रशासकाने क्षणभर हे आकडे डोळ्यांसमोर आणावेत. रस्ते नाहीत, घरे नाहीत, पाणीपुरवठा नाही आणि बंदरात रोज नवी जहाजे लागत आहेत. या जहाजांतून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमधील पराभूत चार्टिस्टही आले. मायदेशात जे जमले नाही ते येथे करून पाहावे, अशी त्यांच्या मनात सुप्त इच्छा होती. डॉनही काही काळ सोन्याच्या खाणींवर राहिला आणि पुढे मेलबर्नमध्ये आपल्या दगडकामाकडे वळला.

मेलबर्नमध्ये त्या वेळी दगडाला आणि दगड घडविणाऱ्याला सोन्याचा भाव होता. विद्यापीठ, ग्रंथालय, विधानभवन अशा इमारती एकाच वेळी उभ्या राहत होत्या. या टंचाईचा उपयोग पाथरवटांनी केला, पण तो केवळ मजुरी वाढवून घेण्यासाठी केला नाही. त्यांनी वेळ मागितला. आठ तास काम, आठ तास मनोरंजन व शिक्षण आणि आठ तास विश्रांती ही त्यांची मागणी होती. या उष्ण हवेत दहा तास दगड फोडणे माणसाला झेपत नाही, हा त्यांचा एक युक्तिवाद. दुसरा अधिक महत्त्वाचा होता. नागरिक म्हणून वाचायला, विचार करायला आणि सार्वजनिक कामात भाग घ्यायला श्रमिकाजवळ वेळ उरला पाहिजे, असे ते म्हणत. २१ एप्रिल १८५६ रोजी विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते विधानभवनाच्या बांधकामापर्यंत चालत गेले. इमारत धंद्यातील कामगारांना मजुरीत कपात न होता आठ तासांचा दिवस मिळाला. जेम्स स्टीफन्स हा या मोर्चाचा पुढारी, आणि तोही जुना चार्टिस्टच. डॉन याच चळवळीतला एक बिनीचा वक्ता होता.

त्याच सुमारास व्हिक्टोरियाचे राजकीय रूपही बदलत होते. १८५५ च्या संविधानाने वसाहतीला जबाबदार शासनपद्धती दिली. खालच्या सभागृहाला विधानसभा आणि वरच्या सभागृहाला विधान परिषद म्हणत. विधानसभेचा सदस्य होण्यासाठी प्रथम दोन हजार पौंड किमतीच्या जमीनजुमल्याची अट होती. १८५७ मध्ये ती रद्द झाली. त्याच वर्षी सर्व सज्ञान पुरुषांना विधानसभेसाठी मताधिकार मिळाला. त्याआधीच, १८५६ मध्ये, छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदानाची पद्धत येथे कायद्याने आली. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियानेही ती त्याच वर्षी स्वीकारली. पुढे जगभर ती ‘ऑस्ट्रेलियन मतदान पद्धत’ म्हणून ओळखली गेली. खुद्द ब्रिटनला ती स्वीकारायला १८७२ साल उजाडावे लागले. थोडक्यात, लंडनमध्ये तीनदा केराच्या टोपलीत गेलेल्या सहा मागण्यांपैकी तीन मागण्या दोन वर्षांच्या आत मेलबर्नमध्ये कायदा बनल्या होत्या.

चौथी मागणी, म्हणजे प्रतिनिधींना वेतन देण्याची, मात्र मान्य झाली नाही.

१८५९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत कॉलिंगवुड मतदारसंघातून डॉन निवडून आला. कॉलिंगवुड म्हणजे मेलबर्नच्या पूर्वेकडील सखल भागातील कष्टकऱ्यांची दाट वस्ती. ब्रिटिश साम्राज्यातील कोणत्याही विधिमंडळात बसलेला श्रमिकांचा पहिला प्रत्यक्ष प्रतिनिधी, असा त्याचा उल्लेख केला जातो. ब्रिटनमध्ये असे प्रतिनिधी १८७४ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी निवडून आले. त्यांतील टॉमस बर्ट या खाणकामगाराला त्याच्या संघटनेने नियमित वेतन दिले, म्हणून तो टिकला. डॉनच्या पाठीशी अशी कायम तजवीज नव्हती.

आता कायद्याच्या दृष्टीने पाहा. डॉनला उभे राहण्याचा अधिकार होता. त्याला मत देणाऱ्यांना मताधिकार होता. मतदान गुप्त असल्यामुळे मालकाच्या धाकाचे कारण नव्हते. कागदावर कोणतीही अडचण नव्हती. अडचण होती ती संध्याकाळच्या चुलीची. सभागृहाची बैठक दुपारनंतर सुरू होई आणि रात्री उशिरापर्यंत चाले. वकिलाला, व्यापाऱ्याला किंवा हजारो एकरांवर मेंढ्या चारणाऱ्या बड्या कुरणदाराला ही वेळ सोयीची होती. सकाळचा धंदा आटोपून तो सभागृहात येऊ शके, आणि तो आला नाही तरी त्याचे उत्पन्न थांबत नसे. पाथरवटाचे तसे नव्हते. ज्या दिवशी हातोडा चालला नाही त्या दिवसाची मजुरी बुडाली. दिवसा दगड घडवणारा आणि रात्री कायदे घडवणारा, अशी डॉनची प्रतिमा मेलबर्नच्या इतिहासात राहून गेली आहे. ज्या विधानभवनात तो रात्री भाषणे करी त्याच विधानभवनाच्या भिंतीवर तो दिवसा काम करी, असेही त्याच्याविषयी सांगितले जाते. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या वाचकांनी स्प्रिंग स्ट्रीटवरील ती भव्य इमारत पाहिलीच असेल. तिचे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत टप्प्याटप्प्याने चालू होते आणि तिच्या आराखड्यातील घुमट तर कधीच पुरा झाला नाही.

सांगायला ही गोष्ट रम्य आहे. जगायला ती तशी नव्हती. आठ तासांच्या दिवसासाठी झगडलेला हा माणूस स्वतः मात्र दिवसाचे आठ तास दगडावर आणि त्यानंतरचे कित्येक तास बाकावर काढत होता. पुढे त्याने मद्यगृह चालविण्याचा व्यवसायही करून पाहिला. राजकारण आणि पोट यांची सांगड घालण्याचाच तो एक खटाटोप होता.

सभागृहात त्याच्यापुढे असलेला सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचा होता. सोने ओसरू लागले तसे हजारो लोक शेतीसाठी जमीन मागू लागले. पण वसाहतीतील उत्तम कुरणे थोड्या कुरणदारांच्या हाती नाममात्र भाड्याने होती. १८५७ मध्ये मेलबर्नमध्ये भरलेल्या जमीन परिषदेत डॉन पुढे होता. विधानसभेत जमीन सुधारणेचे विधेयक मंजूर व्हावे आणि मालमत्तेच्या अटीवर निवडल्या जाणाऱ्या विधान परिषदेने त्याचे दात काढून घ्यावेत, असा खेळ १८६० मध्ये रंगला. २८ ऑगस्ट १८६० रोजी संतप्त जमावाने विधानभवनावर चाल केली, दगडफेक झाली आणि पोलिसांना बळाचा वापर करावा लागला. त्या वर्षीच्या आणि नंतर १८६२ च्या जमीन कायद्यांतून कुरणदारांनी बेनामी व्यवहारांच्या आधारे पुष्कळशी जमीन आपल्याकडेच राखली. कूळकायदा व कमाल जमीनधारणा कायद्यांच्या अंमलबजावणीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या हकिगतीत परके असे काहीच वाटणार नाही. कायदा कोण करतो यापेक्षा त्यातील पळवाट कोण लिहून घेतो, हा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या जमिनीसाठी कुरणदार आणि श्रमिक भांडत होते ती मुळात दोघांचीही नव्हती. तेथील मूळ रहिवाशांना काही दशकांपूर्वीच तिच्यावरून हुसकावून लावण्यात आले होते, आणि या साऱ्या वादात त्यांच्या हक्काला स्थान नव्हते. स्त्रियांना तर व्हिक्टोरियाच्या विधानसभेसाठी मताधिकार मिळायला १९०८ साल यावे लागले. डॉनच्या पिढीची लोकशाही मोठी होती, पण तिलाही कुंपण होते.

१८६४ च्या निवडणुकीनंतर डॉन सभागृहाबाहेर गेला. २७ सप्टेंबर १८६६ रोजी क्षयाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे सेहेचाळीस. त्याच्या नावावर कोणताही मोठा कायदा नाही. तो मंत्री झाला नाही. सभागृहात बसलेल्या एका पाथरवटाने काय करता येते यापेक्षा काय करता येत नाही हेच अधिक स्पष्ट करून दाखवले, असे म्हटले तर त्याच्यावर अन्याय होऊ नये.

परंतु चौथ्या मागणीची कथा त्याच्याबरोबर संपली नाही, आणि प्रशासनातील माणसाने पुढचा भाग अवश्य वाचावा असा आहे. डॉन कॉलिंगवुडचा प्रतिनिधी असतानाच, १८६१ मध्ये, त्याच मतदारसंघातून ग्रॅहम बेरी नावाचा दुसरा एक स्थलांतरित निवडून आला. (कॉलिंगवुडमधून एकाच वेळी एकाहून अधिक सदस्य निवडले जात.) बेरी इंग्लंडहून १८५२ मध्ये आलेला. त्याने लहानपणी कापडदुकानात उमेदवारी केली होती आणि मेलबर्नमध्ये किराणा व किरकोळ मालाचे दुकान चालविले होते. हा दुकानदार पुढे व्हिक्टोरियाचा मुख्यमंत्री झाला.

सदस्यांना वर्षाला ३०० पौंड देण्याचा कायदा १८७० मध्ये प्रथम झाला, पण तो मुदतीचा होता आणि त्याचे नूतनीकरण करावे लागे. विधान परिषदेचा या वेतनाला कायम विरोध. परिषदेच्या सदस्यांना स्वतःला पगाराची गरज नव्हती, आणि गरज असलेले लोक सभागृहात येऊ नयेत असेच त्यांना वाटत होते. १८७७ च्या अखेरीस मुख्यमंत्री बेरीने सदस्यांच्या वेतनाची तरतूद वार्षिक विनियोजन विधेयकातच घातली, जेणेकरून परिषदेला ती वेगळी काढून नाकारता येऊ नये. परिषदेने संपूर्ण विनियोजन विधेयकच अडवून धरले. तिजोरीतून खर्चाला मंजुरी नाही, तेव्हा पगार द्यायचे कसे?

९ जानेवारी १८७८, बुधवार. राजपत्रात नावे प्रसिद्ध करून सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांना मोठ्या संख्येने सेवेतून कमी केले. त्यांत खातेप्रमुख होते, जिल्हा पातळीवरील न्यायाधीश होते, दंडाधिकारी होते. व्हिक्टोरियाच्या इतिहासात हा दिवस ‘काळा बुधवार’ म्हणून ओळखला जातो. पैसे वाचविणे हे सांगण्यापुरते कारण होते. वरच्या वर्गाशी नाते असलेल्या नोकरशाहीला धडा शिकविणे हा हेतूही लपून राहिला नाही. पुढे वेतनाचे विधेयक वेगळे मांडून तडजोड झाली आणि काही अधिकारी परत घेतले गेले, पण शासनयंत्रणेचा आत्मविश्वास ढासळला तो ढासळलाच. पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, व्हिक्टोरियाने लोकसेवा कायदा करून नेमणुका आणि बढत्या मंत्र्यांच्या हातून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे दिल्या. नोकरी मंत्र्याच्या मर्जीने मिळते आणि मर्जीने जाते, या जुन्या पद्धतीचे दुष्परिणाम काळ्या बुधवारने सर्वांच्या नजरेस आणून दिले होते.

एका पाथरवटाला पगार मिळाला नाही येथपासून शेकडो कुटुंबांचा पगार बंद झाला येथपर्यंतचा हा प्रवास आहे. लोकप्रतिनिधीच्या वेतनाचा प्रश्न क्षुल्लक आणि लाजिरवाणा समजून टाळला की तो कुठे जाऊन फुटेल याचा नेम नसतो.

भारताने या बाबतीत इतरांच्या अनुभवाचा लाभ घेतला. ब्रिटनच्या संसदसदस्यांना वर्षाला ४०० पौंड १९११ पासून मिळू लागले. आपल्या घटनाकारांनी तर संसदसदस्यांसाठी अनुच्छेद १०६ आणि राज्य विधिमंडळाच्या सदस्यांसाठी अनुच्छेद १९५ मध्ये वेतन-भत्त्यांची तरतूद प्रारंभीच करून ठेवली. १९५४ च्या कायद्याने खासदाराला दरमहा ४०० रुपये आणि बैठकीच्या दिवसांसाठी रोज २१ रुपये भत्ता ठरला. रक्कम मोठी नव्हती, पण तत्त्व मोठे होते. शेतमजूर, गिरणी कामगार किंवा शाळामास्तर निवडून आला तर त्याच्या घरची चूल विझू नये, हे ते तत्त्व.

मग वृत्तपत्रांतील त्या संतप्त पत्रांत काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो दुसरीकडे आहे. आपल्या वेतनाचा निर्णय सदस्यांनी स्वतःच करावा, हे घटनेतील त्या अनुच्छेदांचे व्यावहारिक फलित आहे, आणि आपल्याच प्रकरणात आपणच न्यायाधीश असू नये या साध्या न्यायाशी ते विसंगत आहे. संसदेने २०१८ मध्ये खासदारांचे वेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार बदलण्याची तरतूद केली. हे योग्य दिशेचे पाऊल होते. ब्रिटनने २००९ च्या कायद्याने यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. आणि ज्या व्हिक्टोरियात हा सारा गदारोळ झाला तेथे २०१९ मध्ये स्वतंत्र वेतन न्यायाधिकरण स्थापन होऊन विधिमंडळ सदस्यांचे वेतन ठरविण्याचे काम त्याच्याकडे गेले. आपल्या राज्यांनाही हा मार्ग मोकळा आहे.

वेतन असावे की नसावे, हा प्रश्न इतिहासाने निकालात काढला आहे. ते कोणी, कोणत्या निकषाने आणि किती उघडपणे ठरवावे, हा आजचा खरा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची गल्लत केली की राग वेतनवाढीच्या पद्धतीवर निघायचा तो वेतनाच्या तत्त्वावरच निघतो. वेतनाचे तत्त्व गेले तर श्रीमंत उमेदवाराचे काहीच बिघडत नाही. त्याला पगाराची गरज कालही नव्हती आणि आजही नाही. सभागृहाबाहेर फेकला जातो तो रोज कमावून रोज खाणारा माणूस. आणि तो केव्हा बाहेर फेकला गेला हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण कोणत्याही नियमाने त्याला बंदी केलेली नसते.

डॉनलाही कोणत्याच नियमाने बंदी केलेली नव्हती.